लॅपटॉपमधील विस्तार कार्डे : आकार, डेटामार्ग आणि महाविद्यालयीन उपयोग

सारांश

लॅपटॉप संगणकाची क्षमता वाढविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या विस्तार कार्डांचा विचार बहुधा त्यांच्या बाह्य आकारावरून केला जातो. कार्ड खाचेत बसले म्हणजे ते चालेल, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रत्यक्षात कार्डाचा आकार आणि त्या आकारामागून धावणारा डेटामार्ग या दोन स्वतंत्र बाबी आहेत. प्रस्तुत लेखात पीसी कार्ड, कार्डबस, एक्स्प्रेस कार्ड, मिनी पीसीआय एक्स्प्रेस व एम.२ या प्रमुख कार्डप्रकारांची रचना व कार्य स्पष्ट करून, ग्रामीण महाविद्यालयातील साहित्य खरेदी व निर्लेखन या संदर्भात त्यांचे महत्त्व विशद केले आहे.

बीजशब्द : विस्तार कार्ड, लॅपटॉप, डेटामार्ग, सिरियल पोर्ट, निर्लेखन

प्रस्तावना

महाविद्यालयातील जडवस्तू नोंदवही (डेडस्टॉक रजिस्टर) वर्षातून एकदा उघडली जाते. निर्लेखन समितीचे सदस्य विभागांतून फिरतात, नादुरुस्त खुर्च्या, तुटलेली उपकरणे आणि बंद पडलेले संगणक यांची यादी करतात व ती यादी मंजुरीसाठी प्राचार्यांकडे सादर होते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात प्रस्तुत लेखक अध्यापन करतो, तेथील अशाच एका समितीत काम करीत असताना रसायनशास्त्र विभागात एक जुना लॅपटॉप समोर आला. त्याची बिजागरी मोडलेली होती, बॅटरी मृत झालेली होती आणि त्याच्यावर विंडोज ९८ ही प्रणाली होती. समितीने तो यादीत घेतला. तेवढ्यात प्रयोगशाळा सहायकांनी शांतपणे विचारले, "सर, हा गेला तर स्पेक्ट्रोफोटोमीटर कशावर चालवायचा?"

त्या लॅपटॉपच्या डाव्या कडेला एका खाचेत एक पातळ धातूचे कार्ड बसविलेले होते व त्या कार्डातून निघालेली केबल थेट उपकरणाला जोडलेली होती. काही हजारांचेही मोल नसलेल्या त्या लॅपटॉपवर आणि त्यातील कार्डावर विभागाचे एक महत्त्वाचे उपकरण अवलंबून होते. ही गोष्ट नोंदवहीत कोठेही नव्हती. प्रस्तुत लेखाचा विषय या प्रसंगातून सुचला.

उद्दिष्टे

१. लॅपटॉपमधील विस्तार कार्डांचे प्रमुख प्रकार व त्यांची कार्यपद्धती समजून घेणे.
२. कार्डाचा आकार व डेटामार्ग यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करणे.
३. महाविद्यालयीन खरेदी व निर्लेखन प्रक्रियेसाठी उपयुक्त सूचना करणे.

विस्तार कार्ड : संकल्पना

संगणक तयार करताना त्याच्या सर्व संभाव्य उपयोगांची कल्पना उत्पादकाला करता येत नाही. म्हणून मुख्य फलकावर, म्हणजेच मदरबोर्डवर, काही रिकाम्या खाचा ठेवल्या जातात. या खाचांत नंतर बसविल्या जाणाऱ्या लहान फलकास विस्तार कार्ड म्हणतात. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये विद्युत संकेतांची देवाणघेवाण ज्या मार्गाने होते, त्याला संगणकशास्त्रात बस अशी संज्ञा आहे. आपल्याकडे बस म्हटले की एस.टी. डोळ्यांसमोर येते, म्हणून या लेखात डेटामार्ग हा शब्द वापरला आहे.

मराठी भाषकांच्या दृष्टीने विस्तार कार्डाला विशेष ऐतिहासिक महत्त्व आहे. पुण्यातील सी-डॅक ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. आयआयटी कानपूर येथील संशोधनातून आकारास आलेले जिस्ट तंत्रज्ञान या संस्थेने पुढे नेले आणि जिस्ट कार्ड प्रचारात आणले. डॉस प्रणालीवर चालणाऱ्या डेस्कटॉप संगणकाच्या खाचेत हे कार्ड बसविले असता, इंग्रजीसाठी लिहिलेल्या अक्षराधारित सॉफ्टवेअरमध्येही देवनागरी व इतर भारतीय लिप्या वापरता येत असत. मूळ यंत्रात नसलेली लिपी एका कार्डाने त्याला दिली, असे म्हणता येईल. पुढे १९९१ मध्ये इस्की ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली, युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले आणि विंडोज २००० पासून देवनागरीची सोय प्रणालीतच आली. कार्डाचे काम सॉफ्टवेअरने आपल्याकडे घेतले व जिस्ट कार्डाची गरज उरली नाही.

विस्तार कार्डांच्या इतिहासात हा क्रम वारंवार दिसतो. नवी सोय प्रथम कार्डाच्या रूपाने येते, सर्वांना हवीशी झाली की मदरबोर्डवर किंवा प्रणालीत सामावली जाते आणि कार्ड मागे पडते. मात्र ज्यांचे काम जुन्या सोयीवरच अडलेले असते, त्यांच्यासाठी ते कार्ड मागे पडत नाही. रसायनशास्त्र विभागातील लॅपटॉप हे त्याचेच उदाहरण होय.

पीसी कार्ड, कार्डबस व एक्स्प्रेस कार्ड

डेस्कटॉपमधील लांबरुंद कार्डे लॅपटॉपमध्ये बसविणे अशक्य होते. त्यामुळे लॅपटॉपसाठी स्वतंत्र मानक ठरविण्याच्या हेतूने १९८९ मध्ये अमेरिकेत पीसीएमसीआयए ही उत्पादकांची संघटना स्थापन झाली. १९९० मध्ये तिचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. या कार्डाची लांबी ८५.६ मि.मी., रुंदी ५४ मि.मी. व पिनांची संख्या ६८ असून आकार साधारणतः एटीएम कार्डाएवढा होता. जाडीनुसार त्याचे तीन प्रकार पडले. पहिला ३.३ मि.मी. जाडीचा, प्रामुख्याने स्मृतीसाठी. दुसरा ५ मि.मी. जाडीचा, मोडेम व नेटवर्कसाठी. आणि तिसरा १०.५ मि.मी. जाडीचा, लहान हार्ड डिस्कसाठी. पहिल्या मानकात केवळ स्मृतीचा विचार होता. १९९१ च्या सुधारित मानकात मोडेम, सिरियल पोर्ट, नेटवर्क अशा आदान-प्रदानाच्या उपकरणांनाही वाव मिळाला.

संगणक चालू असतानाच कार्ड बसविणे वा काढणे हे त्या मानकाचे मोठे वैशिष्ट्य होते. त्यामागील युक्ती साधी परंतु विचारपूर्वक योजलेली होती. खाचेतील सर्व पिना एकाच लांबीच्या नव्हत्या. वीजपुरवठा व भूजोडणीच्या पिना सर्वांत लांब, तर कार्ड बसल्याची सूचना देणाऱ्या पिना सर्वांत आखूड ठेवलेल्या होत्या. परिणामी कार्ड आत सरकताना वीजजोडणी आधी होई व कार्ड पूर्ण बसल्यानंतरच संगणकाला त्याची चाहूल लागे. त्यानंतर संगणक कार्डात नोंदविलेली माहिती वाचून ते मोडेम आहे की नेटवर्क कार्ड, त्याला कोणती साधने लागतात, हे ठरवीत असे.

या मूळ कार्डाचा डेटामार्ग १६ बिटांचा होता व त्याची ठेवण जुन्या डेस्कटॉपमधील आयएसए मार्गासारखी होती. १९९५ मध्ये कार्डबस हा ३२ बिटांचा प्रकार आला. बाह्य आकार व पिनांची संख्या तीच राहिली, पण मार्ग पीसीआय पद्धतीचा झाला. ३३ मेगाहर्ट्झ गतीने त्याची सैद्धांतिक वहनक्षमता सेकंदाला सुमारे १३२ मेगाबाइट होती. कार्डबस कार्ड ३.३ व्होल्टवर चालते. ते जुन्या ५ व्होल्टच्या खाचेत जाऊन बिघडू नये म्हणून त्याच्या कडेची खाच निराळी ठेवण्यात आली. याउलट कार्डबसच्या खाचेत जुने १६ बिटांचे कार्ड चालत असे. कार्डबस कार्ड ओळखण्याची सोपी खूण म्हणजे जोडणीच्या कडेजवळील, बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी.

२००३ मध्ये एक्स्प्रेस कार्ड आले. त्याची लांबी ७५ मि.मी., जाडी ५ मि.मी. व रुंदी ३४ किंवा ५४ मि.मी. होती. रुंद प्रकाराचाही जोडणीकडील भाग ३४ मि.मी.चाच असल्याने तो इंग्रजी एल अक्षरासारखा दिसे. त्याच्या २६ पिनांच्या जोडणीत पीसीआय एक्स्प्रेस व यूएसबी २.० असे दोन स्वतंत्र मार्ग होते आणि कोणता वापरायचा हे कार्डाचा उत्पादक ठरवीत असे. पीसी कार्ड व एक्स्प्रेस कार्ड यांच्या खाचा परस्परांस पूरक नाहीत. २००३ मध्येच इंटेलच्या सेंट्रिनो संचामुळे बिनतारी नेटवर्क लॅपटॉपच्या आत आले, यूएसबीचा प्रसार वाढला आणि बाह्य कार्डांचे दिवस भरत आले. २००९ मध्ये पीसीएमसीआयए ही संघटना विसर्जित होऊन तिच्या मानकांची जबाबदारी यूएसबीच्या संघटनेकडे गेली.

महाराष्ट्रातील डेटा कार्डांचा अनुभव

आपल्या राज्यात पीसी कार्ड हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. पण डेटा कार्ड हा शब्द मात्र परिचित झाला. २००० नंतरच्या दशकात रिलायन्स व टाटा इंडिकॉम यांच्या सीडीएमए जाळ्यावर चालणारी डेटा कार्डे लॅपटॉपच्या खाचेत बसवून प्रवासात इंटरनेट वापरता येत असे. दूरध्वनीची तार न पोहोचलेल्या ठिकाणी जाऊन काम करणाऱ्यांना, अभियंत्यांना व क्षेत्रीय अभ्यासकांना ती मोठी सोय वाटे. थोड्याच काळात हीच सोय यूएसबी मोडेमच्या रूपाने आली आणि नंतर मोबाइल हॉटस्पॉटने तीही मागे टाकली.

अशी कार्डे आजही अनेक कपाटांत आढळतात. ती तांत्रिकदृष्ट्या सुस्थितीत असली तरी निरुपयोगी आहेत; कारण त्यांच्या दुसऱ्या टोकाचे जाळे उरलेले नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा २०१७ मध्ये बंद झाली, तर टाटा टेलिसर्व्हिसेसचा ग्राहकांसाठीचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये भारती एअरटेलमध्ये विलीन झाला. तद्वतच ८०२.११बी प्रकारच्या सुरुवातीच्या बिनतारी कार्डांपैकी अनेकांना आजची सुरक्षापद्धती समजत नाही. म्हणजे कार्डाचे मूल्यमापन करताना खाचेइतकाच कार्ड ज्याच्याशी बोलणार आहे त्याचाही विचार आवश्यक ठरतो.

एक आकार, अनेक मार्ग : सिरियल पोर्टचे उदाहरण

आता रसायनशास्त्र विभागातील प्रसंगाकडे वळू. तेथील उपकरण आरएस-२३२ म्हणजे सिरियल पोर्टद्वारे संगणकाशी संवाद साधते. लॅपटॉपचा मूळ सिरियल पोर्ट पूर्वीच बंद पडला होता व तत्कालीन विभागप्रमुखांनी १६ बिटांचे सिरियल पीसी कार्ड बसवून काम चालू ठेवले होते. समितीतील एका सदस्यांनी साहजिकच सुचविले की, नवा लॅपटॉप घ्यावा आणि यूएसबीतून सिरियल पोर्ट देणारी केबल लावावी. आम्ही तसा प्रयोग केला. केबल नव्या लॅपटॉपने ओळखली, पोर्टला क्रमांकही दिला, परंतु उपकरणाचे जुने सॉफ्टवेअर काही केल्या उपकरणाशी बोलेना.

याचे कारण डेटामार्गात आहे. जुनी अनेक सॉफ्टवेअर प्रणालीमार्फत पोर्ट मागत नाहीत. ती मदरबोर्डवरील एका ठरावीक पत्त्यावर थेट जातात. पहिल्या सिरियल पोर्टचा हा पत्ता परंपरेने षोडशमान पद्धतीत ३एफ८ असा ठरलेला आहे. १६ बिटांचे पीसी कार्ड आयएसए पद्धतीचे असल्याने ते या जुन्या पत्त्यावर उभे राहू शकते. कार्डबसवरील वा एक्स्प्रेस कार्डाच्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गावरील सिरियल कार्डाला पत्ता संगणक नव्याने नेमून देतो. यूएसबी केबलला तर असा पत्ताच नसतो. तिचे सर्व व्यवहार ड्रायव्हरमार्फत होतात. शिवाय विंडोज ९८ पत्त्यावर थेट जाण्यास मोकळीक देते, तर विंडोज एक्सपी व त्यापुढील प्रणाली सामान्य प्रोग्रामला ती देत नाहीत.

गावातील पत्ता बदललेल्या माणसाला टपाल पोचविण्याशी याची तुलना करता येईल. पोस्टमन ओळखीचा असेल तर तो नव्या घरी पत्र देतो. परंतु निरोप्या केवळ जुन्या घराचे दार ठोठावणारा असेल तर पत्र परत जाते. जुने सॉफ्टवेअर हे असे एकच दार जाणणारे निरोप्या आहे.

यातील आणखी एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. बाजारात एक्स्प्रेस कार्डाच्या आकारात मिळणारी काही सिरियल कार्डे आतून यूएसबी मार्गच वापरतात. त्यामुळे खाचेत बसणारे कार्ड घेतले म्हणून यूएसबी केबलची अडचण टळेलच असे नाही. गतीच्या बाबतीतही हेच दिसते. यूएसबी ३.० चा सैद्धांतिक वहनवेग सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइटपर्यंत जाऊ शकतो. परंतु त्याचे कार्ड पहिल्या पिढीच्या एक्स्प्रेस कार्ड खाचेत लावल्यास त्या खाचेची एका दिशेची क्षमता २५० मेगाबाइटच असल्याने वेग निम्म्यावर थांबतो. कार्ड कितीही वेगवान असले तरी मार्गाची रुंदी त्याला ओलांडता येत नाही.

अखेर समितीने तो लॅपटॉप यादीतून वगळला. त्याच्या हार्ड डिस्कची प्रत काढून ठेवण्यात आली आणि सिरियल कार्डाची नोंद उपकरणाच्या नावासमोर स्वतंत्रपणे करण्यात आली. उपकरण आजही त्याच लॅपटॉपवर चालते. हा उपाय कायमचा नाही, याची सर्वांना जाणीव आहे; परंतु पर्याय शोधण्यासाठी विभागाला अवधी मिळाला.

लॅपटॉपच्या आतील कार्डे

बाह्य खाचा नाहीशा झाल्या तरी विस्तार कार्डे नाहीशी झाली नाहीत. ती लॅपटॉपच्या आत गेली. प्रथम मिनी पीसीआय, नंतर ५२ जोडबिंदूंचे मिनी पीसीआय एक्स्प्रेस आणि २०१३ च्या सुमारास एम.२ हे प्रकार आले. तळाचे झाकण उघडल्यावर दिसणारे वाय-फाय कार्ड किंवा च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसणारी एसएसडी ही याच कुळातील होत.

आकार आणि मार्ग यांतील भेद येथे अधिकच तीव्र होतो. मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड आणि एमसाटा डिस्क यांचा आकार व जोडणी सारखीच. पण पहिल्याचा मार्ग पीसीआय एक्स्प्रेस वा यूएसबी, तर दुसरीचा साटा. एम.२ कार्डांवर छापलेला क्रमांक केवळ माप सांगतो. २२८० म्हणजे २२ मि.मी. रुंद व ८० मि.मी. लांब, २२३० म्हणजे तेवढीच रुंदी व ३० मि.मी. लांबी. मार्ग कोणता हे त्यावरून कळत नाही. जोडणीच्या कडेवरील खाचांना बी, एम, ई अशी नावे आहेत. वाय-फायसाठी बहुधा ए वा ई, तर एसएसडीसाठी बी वा एम खाच असते. साटा मार्गाच्या एसएसडीला बहुधा दोन खाचा, तर चार पदरी पीसीआय एक्स्प्रेसवर चालणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीला बहुधा एकच खाच आढळते. मात्र हा नियम सर्वत्र लागू पडत नाही.

याबाबतीत लेखकाची स्वतःची चूक नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. विभागातील एका संथ झालेल्या लॅपटॉपसाठी स्वखर्चाने एनव्हीएमई एसएसडी आणली. खाच जुळली, कार्ड अलगद आत गेले, स्क्रूही नेमका बसला. परंतु संगणकाला डिस्क दिसेना. दोन दिवस कार्डालाच दोष दिल्यानंतर लॅपटॉपची तांत्रिक पुस्तिका वाचली. त्या खाचेला मदरबोर्डवर केवळ साटा मार्ग जोडलेला होता. पुस्तिका आधी वाचली असती तर खर्च व दोन दिवस दोन्ही वाचले असते. पुढे साटा प्रकारची एसएसडी बसविल्यावर तो लॅपटॉप प्रकल्प-अहवाल टंकलिखित करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडू लागला.

वाय-फाय कार्डांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. इंटेलची एएक्स२०० व एएक्स२०१ ही कार्डे दिसावयास सारखी आहेत. पहिले पीसीआय एक्स्प्रेस मार्गावर चालते. दुसऱ्याचे काही कार्य मात्र इंटेलच्या ठरावीक संचांवर सोपविलेले असल्याने ते त्या संचांशिवाय चालत नाही. याखेरीज काही उत्पादकांनी आपल्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी घालून ठेवल्याचे आढळते. यादीबाहेरचे कार्ड लावल्यास संगणक सुरूच होत नाही. येथे आकार जुळतो, मार्गही जुळतो, परंतु परवानगी नसते.

कार्ड बसविताना घ्यावयाची काळजी

१. संगणक पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा व शक्य असल्यास बॅटरीची जोडणी सोडवावी. बाहेरून बसणारी पीसी कार्डे चालू संगणकात लावता येत असली तरी आतील कार्डांना ती मुभा नाही.
२. जिल्ह्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिरविद्युत सहज साठते. कार्डाला हात लावण्यापूर्वी भूजोडणी असलेल्या धातूला स्पर्श करावा व कार्ड कडेनेच धरावे.
३. एम.२ कार्ड तिरपे सरकवावे, मग हलक्या हाताने खाली दाबून स्क्रू लावावा. जोर लावावा लागत असेल तर खाच चुकीची आहे असे समजावे.
४. वाय-फाय कार्डाच्या अँटेनाच्या तारा कोणत्या टोकाला होत्या याचे आधी छायाचित्र घ्यावे.
५. डिस्क बदलण्यापूर्वी माहितीची प्रत घ्यावी, आणि जुनी डिस्क बाहेर देण्यापूर्वी तीतील विद्यार्थ्यांची व परीक्षांची माहिती पूर्णतः पुसावी.

मर्यादा

विस्तार कार्ड हा सर्व दुखण्यांवरील उपाय नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० व ठरावीक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. एसएसडी बसविल्याने ही अट पूर्ण होत नाही. असा संगणक लिनक्स प्रणालीवर वापरणे वा नेटवर्कपासून अलग ठेवून उपकरणासाठी राखून ठेवणे हे मार्ग उरतात. विंडोज ९८ वरील संगणक तर इंटरनेटला कदापि जोडू नये.

दुसरी मर्यादा नव्या यंत्रांची आहे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये स्मृती, वाय-फाय व काही वेळा डिस्कही मदरबोर्डवर डाख देऊन पक्की केलेली असते. वजन घटते, जाडी कमी होते. परंतु एक भाग बिघडल्यास संपूर्ण फलक बदलावा लागतो. याची जाणीव होऊन उलट दिशेनेही काही प्रयत्न होत आहेत. २०२१ मध्ये फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने यूएसबी-सी मार्गावर चालणारी, वापरकर्त्याला बदलता येणारी कार्डे असलेला लॅपटॉप बाजारात आणला. कार्डाची कल्पना संपलेली नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

खरेदी व निर्लेखन यांसाठी सूचना

१. दरपत्रक मागविताना प्रोसेसर व स्मृतीबरोबरच रिकाम्या खाचा किती, कोणत्या मापाच्या व कोणत्या डेटामार्गाच्या, याचा उल्लेख मागावा. स्मृती व डिस्क बदलता येते काय, हेही लेखी घ्यावे.
२. कार्ड खरेदी करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : आकार जुळतो काय, मार्ग जुळतो काय, बायोसची परवानगी आहे काय, आणि आपल्या प्रणालीसाठी ड्रायव्हर उपलब्ध आहे काय. एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर खरेदी करू नये.
३. जडवस्तू नोंदवहीत संगणकासमोर त्याला जोडलेले उपकरण, आतील कार्डे व वापरात असलेले सॉफ्टवेअर यांसाठी एक रकाना असावा.
४. निर्लेखन समितीने विभागप्रमुखांबरोबरच प्रयोगशाळा सहायकांचेही म्हणणे विचारात घ्यावे. यंत्र रोज कोण वापरतो, हे त्यांना ठाऊक असते.
५. जे संगणक खरोखरच टाकाऊ आहेत, ते भंगारवाल्याकडे न देता ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ यांना अनुसरून नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडे सोपवावेत. हे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यापूर्वी उपयोगी कार्डे काढून, त्यांवर प्रकार व तारीख लिहून जपून ठेवावीत.

निष्कर्ष

१. विस्तार कार्डाचा आकार व त्याचा डेटामार्ग या भिन्न बाबी असून कार्डाची उपयुक्तता मुख्यतः मार्गावर अवलंबून असते.
२. पीसी कार्डापासून एम.२ पर्यंत प्रत्येक पिढीत समान आकारामागे भिन्न मार्ग आढळतात. त्यामुळे केवळ पाहून केलेली खरेदी वाया जाण्याचा संभव असतो.
३. कालबाह्य ठरलेले कार्ड एखाद्या उपकरणाचा एकमेव दुवा असू शकते. म्हणून निर्लेखनापूर्वी त्याचा मार्ग तपासणे आवश्यक आहे.

समारोप

ग्रामीण महाविद्यालयात नवे उपकरण मिळविण्यासाठी प्रस्ताव, मंजुरी व अनुदान यांची दीर्घ वाट पाहावी लागते. अशा वेळी हाती असलेले उपकरण केवळ अनवधानाने गमावणे परवडणारे नाही. रसायनशास्त्र विभागातील तो लॅपटॉप आता एका स्वतंत्र टेबलावर असून त्याच्या झाकणावर प्रयोगशाळा सहायकांनी आपल्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटविली आहे : "कार्ड काढू नये. उपकरण यावर चालते." पुढील वर्षी समिती बदलेल, सदस्य बदलतील, ती चिठ्ठी मात्र जडवस्तू नोंदवहीतही असावयास हवी.